एकटीले रडू देऊ नये

परळ, मुंबई
१४ जून १९५३

बाई,

आधी तुझ्या पायांवर डोकं, मग भाटव्यांच्या (इथं मुंबईत भावजी म्हणतात), आणि मग लगेच कामाचं. गोड बोलायला लागलो की तुला संशय येतो.

मला तुझ्याकडून एक रडणं पाहिजे.

हसू नकोस, पुढे वाच. आमच्या कंपनीचा नवा बोलपट सुरू झाला आहे, 'कैलासवासी हजर!' एक हिरो असतो, वय झालेला, पोट सुटलेला, बोलपट एकामागून एक आपटलेले. त्याचा सेक्रेटरी एक दिवस पेपरात छापून आणतो की हिरो समुद्रात बुडून वारला. झालं! काल ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याच्या नावानं पेपरांचे जादा अंक निघतात, त्याच्या जुन्या चपलांचा लिलाव होतो, लोक त्याच्या दाराची माती पुडीत बांधून नेतात. हिरो एका लॉजमध्ये लपून स्वतःच्या शोकसभेच्या बातम्या वाचतो आणि आनंदानं गादीवर उड्या मारतो. पुढे कंटाळून बाहेर येतो, म्हणतो, अहो मी जिवंत आहे. तर संपादक म्हणतात, आता कसं जमेल, आम्ही छापून बसलो! शेवटी त्याच्याच पुतळ्याखाली लोक त्याला तोतया म्हणून बडवतात. सेटवर आम्ही पोट धरधरून हसतो.

आता गोम अशी की शोकसभेला आई पाहिजे. हिरोची खरी आई केव्हाच गेलेली, म्हणून सेक्रेटरी एक म्हातारी भाड्यानं आणतो आणि तिला फोटोवाल्यांसमोर रडायला बसवतो. आमच्या लेखकानं तिला जे लिहून दिलं ते ऐकून डायरेक्टरसाहेब म्हणाले, हे रडणं नाही, हे आभारप्रदर्शन आहे. मी मागे शॉटच्या नंबराची पाटी धरून उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "साहेब, माझी बहीण रडते तसं आमच्या तालुक्यात कोणी रडत नाही." सगळे वळून माझ्याकडे पाहायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कामठ्यात कोणाकडे मरण झालं की आधी तुला बोलावणं येतं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. तू गळा काढलास की बाप्यांनाही बाहेर अंगणात बसवत नाही. तसलं एक दे, लिहून. पसंत पडलं तर मला संवादाच्या खात्यात घेणार आहेत, पडद्यावर नाव येईल. नाही पडलं तर पावसाळा संपताना शेठ माणसं कमी करणार आहेत आणि पाटी धरणारा पहिला जाणार. तेव्हा उशीर करू नकोस.

तुझा,
जागेश्वर

*

कामठा
२ जुलै १९५३

जागू,

आशीर्वाद आहेत, पण रागाच्या खाली आहेत, शोधून घेजो.

तुहं पत्र वाचलं अन् चुलीत घालाले निघाली होती. तुह्या भाटव्यानं हात धरला, म्हणे पोराचं अक्षर आहे, राहू दे. अरे, रडणं काय लोणच्याची बरणी आहे का, मागितली अन् पाठवली? मुंबईले जाऊन डोस्कं गहाण ठेवलं का बापा?

कोणी मेलं नसताना गळा काढला की ते रडणं माणूस शोधत फिरते. अन् ज्यानं मागितलं त्याच्या दारी पहिले जाते. मागून कोण राहिला? तू. मंग मी काय तुह्यावर रडू? माह्या तोंडात माती पडो.

अन् तुले वाटते रडणं म्हणजे शब्द. शब्दाले काय, शब्द कोनीबी बोलते. आपल्या इथं बाई एकटी रडत नाही. जिच्या जिच्या कानी पडलं तिनं हातचं काम टाकून यावं, जवळ बसावं, गळ्यात पडावं, तिच्या सुरात सूर लावावा. मेलेला ओळखीचा असो का नसो. अन् शेवटी कोनीतरी पाण्याचा गडवा तोंडाशी धरून "पुरे वं बाई" म्हणावं लागते, तवाच ते रडणं संपते. कोनी पुरे म्हटलं नाही त ते आत राहून जाते, जन्मभर. तुमच्या त्या फोटोवाल्यात पुरे कोण म्हणेल सांग मले. तुह्या शेठची माय?

नोकरी जाईल म्हणतो. जाऊ दे मेली. इथं धानाचे पऱ्हे टाकून झाले, पाऊस लागला की रोपं लावाचा रोवणा आहे, माणसं मिळून नाही राहिली. तुहे हात अजून चालत असतील त ये. भाटवा तुह्यासाठी बैल शोधून राहिला होता मागल्या बाजारात, दोन पाहिले, एकबी पसंत नाही पडला. म्हणे जागूले आखूड शिंगाचा आवडते.

रडणं मिळणार नाही. बाकी काय पाहिजे ते माग.

धुरपता

*

परळ, मुंबई
१६ जुलै १९५३

बाई,

आशीर्वाद शोधून घेतला. खूप खाली होता, पण होता.

मी परत येऊन रोवणा करीन, त्याची लाज नाही. पण हात हलवत येऊ का? गोंदियाच्या शाळेत तुम्ही मला शिकवलं ते चिखलात उभं करायला? मी गेलो तेव्हा भाटवे टेसनावर म्हणाले होते, "नाव काढजो." तेवढं एकदा पडद्यावर येऊ दे, मग म्हणशील तर धानाच्या गंजीवर झोपीन जन्मभर.

आणि नियमांचं तू मला सांगू नकोस. आई गेली, बाबांनी मला तुझ्या ओसरीवर आणून सोडलं तेव्हा मी केवढा होतो, पाच वर्षांचा. पहिला दात पडला. सगळी पोरं आपला दात छपराच्या कवेलूवर फेकून उंदराला नवा मागायची. तू मला फेकू दिला नाहीस. मुठीतून हिसकावून घेतलास आणि तुझ्या कुंकवाच्या डबीत ठेवलास. मी आठवडाभर भोकाड पसरून हिंडलो की आता मला दातच येणार नाही. आला ना? तेव्हा कुठे गेली होती रीतभात?

मेल्याशिवाय रडता येत नाही म्हणतेस, तर कोणी जुनं मेलेलं माणूस आठव आणि त्याच्यावर रड. आपला आजा आहे. तुझी सासू आहे, ती तर म्हणेलच, बरं झालं आठवण काढली. मग ते माझ्या दारी येणार नाही आणि तुझा जीवही घाबरणार नाही. शेठ रोज विचारतात. बाई, पदर पसरतो, मला पदर नाही म्हणून तुझाच धरून पसरतो.

तुझा,
जागू

*

कामठा
३० ऑगस्ट १९५३

जागू,

रोवणा संपला. कंबर गेली. उशीर झाला म्हणून रागावू नको.

तू म्हटला जुनं माणूस आठव. आहे एक. आठवाची गरज नाही पडली. कोण ते विचारू नको. आजा नाही अन् सासू नाही.

लिहाले बसली त हात चालेना. मंग बोडीच्या पाळीवर गेली, पाण्याकडं तोंड करून बसली, तोंडातल्या तोंडात म्हटलं, अन् घरी येऊन उतरवलं. सूर काही कागदावर येत नाही. त्या तुह्या म्हातारीले सांगजो, ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडायचा, जसा गडवा विहिरीत सोडतो तसा, अन् पुन्हा ओढायचा.

कुठं निजला रे माह्या राजा, तुही गोधडी अजून ओली आहे
दूध उतरलं रे उरात, पिणारा उठून गेला
दात नाही फुटला रे तुले, मले चावला नाही एकदाबी
कोणती खूण दाखवू मी लोकाले, का होता माह्यापाशी
हाक मारू कोणत्या नावानं, नाव ठेवाचं राहून गेलं
वळून पाहशील कसा रे, तुले ठाऊकच नाही मी कोणाले बोलावते

एवढंच आहे. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचं.

एक करजो. त्या म्हातारीपाशी एक बाई उभी करजो, पाण्याचा गडवा घेऊन. तिनं पुरे म्हणायचं. बाकी तुह्या मुंबईतून मले काही नको, लुगडंबी नको. हे एवढं करजो.

धुरपता

*

परळ, मुंबई
८ ऑक्टोबर १९५३

बाई गं बाई!

तुझे पाय कुठे आहेत? काल तुझं रडणं चित्रित झालं.

डायरेक्टरसाहेबांनी कागद वाचला आणि खुर्चीतून उठले. "अरे, ही तुझी बहीण आहे कोण? हिला कसं कळलं आमच्या हिरोला कवळी आहे?" कारण बोलपटात त्या हिरोला खरंच कवळी आहे, लॉजमध्ये तो ती काढून ग्लासात ठेवतो. पन्नाशीचा, दाताची कवळी लावलेला, ढेरपोट्या नट, आणि त्याची भाड्याची आई त्याच्या मोठ्या फोटोपुढे बसून रडते, "दात नाही फुटला रे तुले"! सगळा सेट लोळला. साहेब म्हणाले, असली तिखट थट्टा पुण्यामुंबईच्या लेखकालाही सुचली नसती. मी कॉलर ताठ करून उभा होतो. तू अशी विनोदी आहेस हे मला इतकी वर्षं कळलंच नाही!

म्हातारीचं काम करणारी नटी मात्र हसली नाही. जुन्या नाटकांत काम केलेली आहे. काम झाल्यावर पदरानं तोंड पुसत मला म्हणाली, "हे कुणाचं आहे रे?" म्हटलं, माझ्या बहिणीनं रचलंय. ती म्हणाली, "असं होय."

गडव्याचं मी साहेबांना सांगितलं. दोनदा सांगितलं. ते म्हणाले, इथं कोणी तिला थांबवलं तर सगळी गंमत जाते. फोटोवाले म्हणतात, "आणखी एकदा, मावशी, जरा उजेडाकडे तोंड करून," आणि ती पुन्हा सुरू करते, पुन्हा, पुन्हा, यातच मजा आहे. तेव्हा गडवा राहिला. तू मनावर घेऊ नकोस.

मी संवादाच्या खात्यात गेलो, बाई! पाटी आता दुसरा धरतो. भाटव्यांना सांग, नाव निघालं.

तुझा,
जागेश्वर

*

परळ, मुंबई
११ फेब्रुवारी १९५४

बाई,

दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुझं पत्र नाही. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ झाला असेल, धान चुरून झालं असेल, शंकरपटात बैल धावले असतील, आणि मला कोणी एक ओळ कळवत नाही. भाटवे बरे आहेत ना? तू?

बोलपट जोरात चालला आहे. तुझ्या रडण्याला लोक असे हसतात की पुढचे दोन संवाद कोणाला ऐकूच येत नाहीत. रस्त्यावर पोरं एकमेकांना म्हणतात, "दात नाही फुटला रे तुले!" मुंबईची पोरं, आपल्या बोलीत! मला अभिमान वाटायला पाहिजे. वाटतोही. पण तुझं उत्तर नाही म्हणून तो घशाखाली उतरत नाही.

गडव्यासाठी रागावलीस का?

होळीला चित्र गोंदियाला लागणार आहे. टॉकीजचे मॅनेजर मुन्नालाल यांच्या नावे चिठ्ठी सोबत ठेवली आहे, तुम्हाला सगळ्यांना फुकट बसवतील. आळीतल्या बायकांना घेऊन जा, पोटभर हसा, आणि मग मला शिव्या दे. पण दे.

तुझा,
जागू

*

कामठा
२५ मार्च १९५४

जागू,

तुही सगळी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण रागात होती. गडव्यासाठीच होती. आता नाही. आता खाली बस अन् वाच, मंधात उठू नको.

होळी झाली अन् शामकला मागे लागली, धुरपता, तुह्या भावाचा शिनेमा आला, चाल. आपल्या बाजूची शामकला, तुले गुळाचा खडा देत होती ती. मी नाही म्हटलं. पण ती कोणाचं ऐकते का? अर्धी आळी जमा केली तिनं. भाटव्यानं बंडी जुंपली. टाकीजच्या दारात मुन्नालाल म्हणे, "आइये आइये, पूरी बारात लाये हो क्या?" तुही चिठ्ठी दाखवली त एकदम समोर बसवलं. बाया एकीकडं, माणसं एकीकडं, मंधात कनात.

तुहं नाव आलं. इवलंसं होतं, पण आलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी रुख्मा उठली अन् पडद्यावरच्या नावाची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. कनातीपलीकडून तुहा भाटवा खाकरला. तो खाकरते म्हणजे काय ते तुले माहीत आहे.

अन् हसलो बापा! तो गादीवर उड्या मारते तवा, कवळी गिलासात ठेवते तवा, रुख्मा त बाकावरून पडता पडता राहिली.

मंग ती म्हातारी आली. फोटोपुढं बसली, पदर घेतला, अन् काढला गळा. लोक हसाले लागले, शिट्या मारून राहिले. मी दातावर दात धरून बसली. म्हटलं हसू दे, पडद्यावरची बाई, मले काय करायचं. पण ते फोटोवाले म्हणत, आणखी एकदा, मावशी. अन् ती पुन्हा रडे. पुन्हा म्हणत, इकडं तोंड करून. अन् ती पुन्हा. एवढी माणसं होती तिच्याभोवती, अन् तिच्या पाठीवर एकबी हात नाही.

शामकला उठली. पडदा काय अन् शिनेमा काय, तिले काही राहिलं नाही. एक बाई एकटी रडून राहिली अन् आपण बसून पाहून राहिलो, एवढंच तिले दिसलं. पडद्याखाली जाऊन मांडी घालून बसली अन् तिच्या सुरात सूर लावला. तिच्यामागं रुख्मा गेली. मंग आळीच्या सगळ्या. मागून कोनी ओरडलं, "ए बाई, बैठ जाओ!" मुन्नालाल धावत आला, हात जोडून म्हणे, "अरे बहनजी, ये कॉमेडी है, कॉमेडी! रोने का नहीं, हँसने का है!" शामकला त्याले म्हणे, "तुले हसू येते त हास बापू. आमच्यात एकटीले रडू देत नाही."

गोंदियाच्या बाया होत्या, हिंदी बोलणाऱ्या, छत्तीसगडी, कोणाले आपले शब्द समजले कोणाले नाही. एक एक करून त्याबी आल्या. हसणारे गप झाले.

मंग "दात नाही फुटला" आलं अन् शामकला थांबली. तिनं मागं वळून माह्याकडं पाहिलं. तिले समजलं. त्या दिवशी ती होती आमच्या घरी.

जागू, तू म्हटला मी थट्टा केली. सांगते आता.

तू माह्या घरी आला त्याच्या आधीच्या साली मले पोरगा झाला होता. रोवण्यात झाला. सासू म्हणे धान निघू दे, मंग थाटानं बारसं करू. धान निघाच्या आधी त्याले ताप आला अन् तो गेला. हिरडी पांढरी झाली होती, दात फुटणारच होता. दात न फुटलेल्या लेकरावर गळा काढत नाही, कूस रुसते म्हणतात. मी तोंड उघडलं त सासूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वाईट नव्हती रे ती. तीबी रडून राहिली होती, पण हात काढला नाही. तुह्या भाटव्यानं त्याले फडक्यात गुंडाळलं, बोडीच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली मातीत ठेवलं, घरी आला, बैलाले पाणी पाजलं, अन् जेवला नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी त्याचा विषय काढला नाही. नावच नव्हतं, काय म्हणून काढावं? कूस रुसली ती रुसलीच. मंग तू आला, नाक गळत, एका हातात अर्धी भाकर, अन् मले म्हणाला भूक लागली.

मी बाकावरून उठली. शामकलाच्या गळ्यात पडली अन् रडली, जागू. मोठ्यानं रडली. मुन्नालालनं मशीन बंद केली. अख्ख्या गोंदियासमोर रडली मी माह्या लेकराले, अन् सगळ्या बाया माह्यासंगं रडल्या. त्याले पाहिलं कोनी नव्हतं, पण रडाले एवढा गाव आला.

कनात वर झाली अन् एक हात आला. त्यात गडवा. मुन्नालालच्या माठातलं पाणी होतं. तुहा भाटवा. बाईचं काम आहे ते, माणूस करत नाही. अर्धं पाणी माह्या पदरावर सांडलं. म्हणे, "पुरे वं. पुरे आता." अन् स्वतःच खाली बसला.

मी पाणी पेली. संपलं.

येताना बंडीत बाया झोपल्या होत्या. बैल आपल्या मनानं चालत होते. भाटवा पुढं बसूनच बोलला, "त्याचे कान माह्यासारखे होते." मले माहीत होतं, मीच पाहत होती रोज. पण मी म्हटलं, हो का.

तुह्यावर राग नाही. तू मागितलं नसतं त निघालं नसतं.

धुरपता

*

परळ, मुंबई
६ एप्रिल १९५४

बाई,

तू वारलीस. मी नाही मारलं, शेठनी मारलं.

पानवाल्याकडे उभा होतो, त्याच्या पेपरावर आमची जाहिरात: "गोंदियात हाहाकार! 'कैलासवासी हजर!' पाहताना कामठ्याची माता रडता रडता परलोकवासी! आपणही पाहा! रोज तीन खेळ!" मुन्नालालनं तार केली होती की कामठ्याच्या बाया रडल्या, मशीन बंद करावी लागली, आता काय करू. शेठनी त्या तारेतून एक बाई काढली आणि मारून टाकली.

कामठ्यातून चित्र पाहायला तुझ्याशिवाय कोण जाणार? पान तिथंच टाकून निघालो. तू म्हटलं होतंस, मागणाऱ्याच्या दारी पहिलं येतं. वाटलं, माझ्या दारी न येता तुझ्या दारी गेलं. खोलीवर आलो तर उंबऱ्यात तुझं पत्र पडलेलं. उभ्या उभ्या फोडलं. मग तुझी होळीनंतरची तारीख पाहिली, आणि पहिली ओळ वाचली, "रागात होती," आणि मी तिथंच भिंतीला टेकून हसलो आणि मग पुढचं वाचलं.

बाई, मी त्याला हसलो. माझ्या भाच्याच्या रडण्याला मी सेटवर पोट धरून हसलो. मी आता पुढे काय लिहू.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं. म्हणाले, तू तिकडचाच ना? जा, त्या मेलेल्या बाईच्या नवऱ्याचा फोटो घेऊन ये, रडताना. आणि बाई जिवंत असली तर तिलाच आण, रोज खेळ सुटताना दारात बसून एकदा रडेल. पुढच्या चित्राचे सगळे संवाद तुझे. मी म्हणालो, "शेठ, तिला पुरे म्हणून झालं." ते म्हणाले, "म्हणजे?" म्हणालो, "म्हणजे आता तिला कोणी आणखी एकदा म्हणायचं नाही." त्यांना काही कळलं नाही. मी जिना उतरलो. खाली ती म्हातारी नटी भेटली. तिला खरं सांगितलं, ते कोणावरचं होतं ते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी येऊन राहिलो, बाई. वीस तारखेले मेलनं पोचतो. आखूड शिंगाचा बैल मिळाला नसंल त भाटव्याले म्हणजो, मीच आहे.

एक विचारतो. आपल्यात मामा रिकाम्या हातानं भाच्यापुढं जात नाही. माहा तो दात अजून कुंकवाच्या डबीत आहे का? असला त मोहाखाली ठेवू. त्याले फुटला नव्हता. माहा घेऊ दे त्याले.

तुहा,
जागू

*

कामठा
१२ एप्रिल १९५४

जागू,

मेलेल्या बाईचा आशीर्वाद घे. खोटं मरण उठलं की आयुष्य वाढते म्हणतात. शेठ भेटला असता त त्याले म्हटलं असतं, उपकार झाले बापा. शामकलाले तुह्या पत्रातली जाहिरात वाचून दाखवली. माह्यापुढं मांडी घालून बसली, म्हणे, काढू का गळा? हसून हसून दोघींचे डोळे गळले.

तू हसला त हसला. तुले माहीत नव्हतं. लेकरापुढं कोनी हसलं त लेकराले बरंच वाटते.

डबी उघडली. दात आहे. कुंकवानं लाल झाला. भाटव्याले दाखवला त त्यानं तळहातावर घेतला, उलटापालटा करून पाहिला. मंग म्हणे, मोहफूल गळून राहिलं, झाडाखालचं झाडून ठेवतो. पाहटे उठून झाडून आला. दुसऱ्या दिवशीबी गेला. मी म्हटलं, जागू वीस तारखेले यायचा आहे. म्हणे, माहीत आहे मले, अन् खराटा घेऊन पुन्हा गेला.

वीस तारखेले बंडी टेसनावर राहील. जेवण करू नको रस्त्यात, मी रांधून ठेवते.

धुरपता